पालकाचे वय : अंदाजे सत्तर

नागपूर, ८ जानेवारी १९५५

पुष्पलता,

मायना काय लिहावा ते ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. जबलपूरचा पत्ता तुझ्या भावाकडून मागून घेतला. त्याने तो दारातच कागदावर लिहून दिला, आत ये म्हणाला नाही.

पत्राला कारण शाळेचं आहे. तुझ्या हिंदी तुकडीतली ईश्वरी तलरेजा तुला आठवत असेल. जरीपटक्याच्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीतून चालत येणारी, भूमितीत बरी, बोलायला कमी. ती यंदा मॅट्रिकला आहे. शोभाताईंनी मुख्याध्यापिका झाल्यापासून नियम केला आहे की मॅट्रिकच्या अर्जावर पालकाने शाळेत येऊन, त्यांच्या समोर सही करायची. ईश्वरीच्या नावापुढे रजिस्टरमध्ये पालक म्हणून 'आजी' आहे, 'वय अंदाजे सत्तर'. परवा ती एका चोवीस-पंचवीस वर्षांच्या बाईला घेऊन आली. शोभाताई म्हणाल्या, "दादी को लाओ. यह कौन है?" ईश्वरी म्हणाली, "यही मेरी दादी है."

ऑफिसात तेव्हा चार-पाच जणी होत्या. साऱ्या हसल्या. रुपराव शिपायालाही हसू आवरेना. मग ईश्वरी म्हणाली, "बड़ी बहन है, बहनजी." शोभाताई म्हणाल्या, "आत्ता दादी होती, आता बहीण झाली. थोडं थांबलो तर मावशी होईल." प्रगतिपुस्तकं काढली. तीन वर्षांच्या सह्या एकाच हातच्या, सिंधी अक्षरातल्या, उजवीकडून डावीकडे; त्या आपल्याच, असं ती बाई म्हणाली. म्हणजे सत्तर वर्षांच्या आजीची एकही सही नाही. शोभाताईंनी अर्ज कपाटात ठेवला. खरी आजी येईपर्यंत तो बोर्डाकडे जाणार नाही. उशिराने अर्ज घेण्याची शेवटची तारीख ३१ जानेवारी आहे. ती चुकली तर मुलीचं वर्ष गेलं, आणि त्या घरात पुढच्या वर्षापर्यंत तिला शाळेत ठेवतील असं मला वाटत नाही.

जुलै १९५२ मध्ये ती दाखल झाली तेव्हा तू तिची वर्गशिक्षिका होतीस. प्रवेशाच्या अर्जाखाली तुझी सही आहे. त्या वेळी अर्ज कोणी भरला, तिने काय सांगितलं होतं, हे तुला आठवत असेल तर कळव. शोभाताईंचं म्हणणं आहे की तू त्या सिंधी मुलींना पाठीशी घालायचीस, तेव्हा हे तुझंच काम असणार. मी काही बोलले नाही.

अनुसया

नागपूर, १६ जानेवारी १९५५

पुष्पा,

मागच्या पत्रात मी तुला एक प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर मला ठाऊक होतं. पत्र पेटीत टाकलं आणि तिथेच उभी राहिले. पेटी उघडायला येणाऱ्या माणसाकडून ते परत मागावं, असंही मनात आलं. मग शाळेची वेळ झाली.

अर्ज मी भरला होता. तू शेजारच्या टेबलाशी फाटक्या दाखल्यांवरून जन्मतारखा लावत बसली होतीस. मी भरलेले कागद तुझ्याकडे सरकवत होते आणि तू न वाचता सह्या करत होतीस, कारण अक्षर माझं होतं. 'आजी' हा शब्द माझ्या अक्षरात आहे. 'अंदाजे सत्तर' हेही. क्लार्कने त्यावरून रजिस्टरमध्ये उतरवलं. मूळ अर्ज गठ्ठ्यात आहे, शोभाताईंनी फक्त खालची सही पाहिली.

मी तेव्हाची डायरी काढून पाहिली. ९ जुलै १९५२ : 'आज अठ्ठावीस अर्ज भरले. अक्षर शेवटपर्यंत सारखे राहिले.' एवढंच. ईश्वरीला मी विचारलं होतं, घरी कोण आहे? ती म्हणाली, दादी. आई? नाही. वडील? नाही. पुढे काही विचारल्याचं आठवत नाही. दादी म्हणजे आजी हे मला येत होतं. वयही मीच घातलं. आजी म्हणजे सत्तर.

आता काल काय झालं ते. सीताबर्डीवर परकर घ्यायला गेले होते. पदपथावर एका सिंध्याचं दुकान आहे, बांबूवर परकर टांगलेले. दुकानदार पन्नाशीचा, मिशा पांढऱ्या. बाजूला त्याच्याच वयाची, फार तर चार वर्षांनी मोठी बाई काजं करत बसली होती. तो चहाची कपबशी तिच्यापुढे धरून म्हणाला, "दादी, पी ले, ठंडी हो जाएगी."

मी विचारलं, "ये आपकी दादी हैं?"

"हां बहनजी."

"पण इनकी उमर..."

तो माझ्याकडे बघत राहिला. बाईच हसून म्हणाली, "बड़ी बहन को बोलते हैं हम लोग दादी. तुम्हारे में क्या बोलते?"

"ताई."

"बस. तो ताई हूँ मैं इसकी. सफेद मूंछ हो गई, फिर भी ताई हूँ." आणि तिने त्याच्या मिशीकडे बोट दाखवलं.

परकर न घेताच निघाले. त्याने मागून हाक मारली, भाव कमी करतो म्हणाला.

पुष्पा, ईश्वरीने त्या दिवशी ऑफिसात दोन्ही वेळा खरंच सांगितलं होतं. आधी आपल्या भाषेत, मग आमच्या. आम्हाला तो शब्द येत होता, हीच अडचण झाली. अजिबात येत नसता तर कोणीतरी विचारलं असतं.

तुला हा अर्थ ठाऊक होता का? तू जरीपटक्याला जायचीस, त्यांच्या घरी जेवायचीस. ठाऊक असेल तर १९५३ च्या त्या दिवशी तू मला सरळ का सांगितलं नाहीस? हे लिहिलं आणि लगेच कळलं, की तू सांगायला लागली होतीस आणि मी बोलू दिलं नाही.

अनुसया

नागपूर, २२ जानेवारी १९५५

पुष्पा,

तुझं उत्तर नाही. यायलाच हवं असं काही नाही. तरीही टपालवाल्याची वेळ झाली की मी खिडकीशी जाते आणि आई विचारते, "कोनाची वाट पाहून राहिली वं? लग्नाचं वय तं गेलं तुहं."

आईला मी सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं. भाजी निवडता निवडता तोंडून निघून गेलं. १९५३ चंही सांगितलं : ईश्वरी भूगोलाच्या तासाला गुंडाळलेला नकाशा परत द्यायला आली आणि मला म्हणाली, "दादी, यह नक्शा." वर्ग हसला. मी तिला आठवडाभर माझ्या तासाला बाहेर उभं केलं. आईची भाजीवरची बोटं थांबली.

"मंग तं तिनं तुले ताईच म्हटलं ना वं! अन् तू तिले उनात उभी केली?"

"मला माहीत नव्हतं."

"इचारलं काहून नाही?"

डायरीत त्या तारखेला मी 'वर्गात शिस्तीचा प्रश्न' असं लिहिलं आहे. ते खरं नाही. त्या सकाळी मी आरशापुढे तीन पांढरे केस उपटले होते. एक्केचाळीस वर्षांची होते. आणि दोन तासांनी चाळीस मुलींपुढे एक मुलगी मला आजी म्हणाली, असं मला ऐकू आलं. प्रश्न शिस्तीचा होता की केसांचा, हे मी दोन वर्षांत स्वतःलाही विचारलं नव्हतं. तू शिक्षकांच्या खोलीत म्हणालीस, "तिला काय म्हणायचं होतं ते विचार तरी." मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तूच विचार, तू तर अर्धी सिंधीण झालीस." त्यावर खोलीत जे हसणं झालं ते मला आवडलं होतं. हे मी प्रथमच लिहिते आहे.

आई पुढे एक बोलली, ते तुला सांगते. आमच्या घरात चार मागांचा खटखटाट असायचा, तुला ठाऊक आहे. तिसरीत मी "मले पाटी द्या" म्हटलं म्हणून मास्तरांनी हातावर छडी मारली आणि साऱ्या वर्गाकडून 'मला, मला' म्हणून घेतलं. तेव्हापासून मी घरातही 'मला' म्हणते. आई म्हणाली, "तू बोलनं बदललं तं मी तुह्यासंग बोलाले भ्याले लागली होती. वाटे, माह्या तोंडून काही चुकलं तं पोरगी हासन." इतक्या वर्षांत तिने हे कधी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

काल जरीपटक्याला गेले. कोणाला काही न सांगता गेले, हेही खरं तर लपूनच जाणं झालं. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर. बहिणीचं नाव सती. ती शिवणयंत्रावर होती, सीताबर्डीच्या दुकानांसाठी परकर शिवते. दोन लहान भाऊ शाळेत गेलेले. ईश्वरी त्या दिवसापासून शाळेत आली नव्हती; तिने मला बसायला खाट दिली आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली.

मी सांगितलं की चूक माझी होती. सतीने यंत्र थांबवलं नाही. "तुम्हारी किताब में मैं दादी हूँ? बुढ़िया वाली?"

"हां. आजी."

"उमर भी लिखी?"

"सत्तर."

चाक थांबलं. तिने ईश्वरीला सिंधीत काही सांगितलं आणि दोघी हसायला लागल्या. खूप हसल्या. सतीने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "मां मरी तब मैं सत्रह की थी. यह आठ की, एक भाई चार का, एक गोद में. सत्तर ठीक लिखा तुमने, बहनजी. बदलो मत."

मी म्हटलं, एकदा शाळेत या, सही करा, बाकी मी बघते.

"नहीं आऊँगी."

"इसका साल जाएगा."

"उस दिन सब हँसे. तुम भी हँसी थीं. मैंने देखा."

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, साऱ्या हसल्या. जणू मी कुठे दुसरीकडेच उभी होते. मी हसले होते, पुष्पा. इतरांपेक्षा थोडं जास्तच, कारण मला वाटलं की १९५३ चा माझा निकाल बरोबर ठरला.

निघताना सती दारापर्यंत आली. म्हणाली, "पहले तुम लिखो, वहीं, उनकी किताब में, कि झूठ किसने लिखा. फिर मुझे बुलाना. मैं झूठी बनके सही नहीं करूँगी." ईश्वरी खाली बघत होती. मी तिला म्हटलं, अभ्यास चालू ठेव. ती म्हणाली, "जी, बहनजी."

नऊ दिवस आहेत.

अनुसया

नागपूर, २९ जानेवारी १९५५

पुष्पा,

अजून लिहून दिलेलं नाही. दोन दिवस उरले आहेत, त्यात उद्या रविवार.

सोमवारी शोभाताईंना इन्स्पेक्टरणीकडे जायचं होतं. मंगळवारी मी त्यांच्या दारापर्यंत गेले आणि फळ्यासाठी खडू मागून परत आले. बुधवारी प्रजासत्ताक दिन, झेंडावंदन. गुरुवारी डोकं दुखत होतं. खरंच दुखत होतं, पण शाळेत जाता येणार नाही इतकं नाही. काल अखेर बोलले. तोंडी.

शोभाताई वाईट नाहीत, हे तूही मान्य करशील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दादीचा अर्थ ऐकून "अगं बाई!" म्हणाल्या. म्हणाल्या, मुलीचं नुकसान नको. मग त्यांनी वाट सुचवली. रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ : 'वर्गशिक्षिकेकडून पालकाच्या नात्याची नोंद चुकीची झाली. दुरुस्त केली.' खाली त्यांची सही. संपलं.

"वर्गशिक्षिका म्हणजे पुष्पलता," मी म्हटलं.

"सही तर तिचीच आहे. आणि ती आता कुठे आहे इथे? तिला काय फरक पडतो?"

"अक्षर माझं आहे."

"अनुसयाबाई, अक्षर कोण बघतं? पुढच्या वर्षी तुमचं नाव मी उपमुख्याध्यापिकेसाठी देणार आहे. त्याच रजिस्टरात त्याच वर्षी तुमच्या हातची चूक नोंदवून मी समितीपुढे काय तोंडानं जाऊ? मुलीला परीक्षेला बसायचंय ना? बसेल. तुम्हाला आणखी काय पाहिजे?"

मी म्हटलं, विचार करते. हे लिहिताना लाज वाटते. विचार करण्यासारखं त्यात काय होतं? पण मी केला. काल दिवसभर केला. ईश्वरी परीक्षेला बसेल. सतीला एवढंच सांगायचं की पुस्तकात लिहिलं आहे, तिला मराठी वाचता येत नाही. तू जबलपूरला आहेस, तुला कधी कळणारही नाही. कुणाचंच काही बिघडत नाही, आणि कुणाचं काही बिघडत नसेल तर बरोबर काय आणि चूक काय, इथपर्यंत मी पोचले होते. वर मनात हेही आलं, की तू न वाचता सही केलीस, म्हणजे थोडी चूक तुझीही आहेच.

तू न वाचता सही केलीस, कारण तुझा माझ्यावर विश्वास होता. तोच मी तुझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरायला निघाले होते.

जेवण जात नाही. आई म्हणते, "काय होऊन राहिलं तुले? त्या पोरीचं काम करून टाक ना, का अजून कोनाले इचाराचं हाय?"

अनुसया

नागपूर, ३१ जानेवारी १९५५

पुष्पा,

केलं.

सकाळी शाळा उघडताच रुपरावाकडून १९५२ चा गठ्ठा काढवला. मूळ अर्ज शोभाताईंच्या टेबलावर ठेवला, शेजारी माझी शनिवारची पाठाची टाचणवही उघडून ठेवली. दोन्ही अक्षरं एकच. मग निवेदन दिलं, त्याची नक्कल तुला पाठवते :

'ईश्वरी तलरेजा हिच्या प्रवेश अर्जातील पालकाचे नाते व वय मी भरले. विद्यार्थिनीने "दादी" असे सांगितले. सिंधीत त्याचा अर्थ थोरली बहीण. मी अर्थ विचारला नाही व वयही विचारले नाही. श्रीमती पुष्पलता यांनी माझ्या अक्षरावर विसंबून सही केली. विद्यार्थिनी व तिची बहीण यांनी शाळेला कधीही खोटे सांगितलेले नाही. सन १९५३ मध्ये हाच शब्द वापरल्याबद्दल मी या विद्यार्थिनीस शिक्षा केली, तीही चुकीची होती. अनुसया पराते.'

शोभाताईंनी दोनदा वाचलं. "१९५३ चं कोणी विचारलं होतं?"

"कोणीच नाही."

"तुमचं नाव देणार होते मी," त्या म्हणाल्या. 'होते' हा शब्द त्यांनी जोर न देता म्हटला. मग रजिस्टर ओढून घेतलं, 'आजी' वर रेघ मारली आणि माझ्या निवेदनाचा हवाला शेऱ्यात घातला. माझ्याकडे न बघता.

मी टांगा करून जरीपटक्याला गेले. सतीला निवेदनाचा एकेक शब्द हिंदीत करून सांगितला. हिंदीत करताना दोन वेळा थांबून विचारलं, असंच म्हणतात ना? ती म्हणाली, "यह आखिरी वाला फिर से बोलो." मी पुन्हा सांगितलं : शिक्षा चुकीची होती. तिने ईश्वरीकडे पाहिलं.  सतीने यंत्रावर कापड झाकलं आणि चपला घातल्या.

सही करताना शोभाताई म्हणाल्या, नागरीत किंवा इंग्रजीत करा. सती म्हणाली, मला सिंधी लिपी तेवढी येते. मी म्हटलं, तीन वर्षांच्या प्रगतिपुस्तकांवर हीच सही आहे, तीच जुळली पाहिजे. शोभाताईंनी हात वर केले. सतीने उजवीकडून सुरुवात केली. पुस्तकातल्या वयाच्या रकान्यात आता पंचवीस आहे.

रुपराव दोन वाजता सायकलवरून अर्ज घेऊन गेला आणि चार वाजता बोर्डाची पोच घेऊन आला. "झालं बाई तुमचं काम," म्हणाला, "पन शोभाताई लय गरम हाय आज, तिकडे जाऊ नका."

वाटलं होतं आता बरं वाटेल. अजून काही वाटत नाही. माझ्या वर्गात बेचाळीस मुली आहेत. आज हजेरी घेताना प्रत्येक नावाला अडखळत होते, यातलं मला काय काय ठाऊक आहे असं मी धरून चालले आहे.

अनुसया

नागपूर, ४ एप्रिल १९५५

प्रिय पुष्पा,

तुझं कार्ड शनिवारी मिळालं. पाच पत्रांना एक ओळ : 'ईश्वरीचा परीक्षेचा नंबर कळव.' खाली सहीसुद्धा नाही, पण अक्षर मला ओळखता येतं.

माझ्याबद्दल तू काही विचारलं नाहीस. बरोबर आहे.

परीक्षा संपली. गणिताचे पेपर चांगले गेले, म्हणते. इंग्रजीबद्दल विचारलं तर मान हलवली, त्यातून होकार की नकार ते कळलं नाही, म्हणून पुन्हा विचारलं. बेताचा गेला. निकाल जूनमध्ये, तिकडच्या पेपरातही छापतील. सती म्हणत होती की जूनपर्यंत यंत्रावर बसवते, पुढचं निकालावर. पास झाली तर नर्सिंगला पाठवायचं तिच्या मनात आहे. ईश्वरीच्या मनात काय आहे ते ती मला सांगत नाही. तुला सांगेल, असं मला वाटतं. तिच्या घराचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे.

नंबर मी तिच्या प्रवेशपत्रावरून उतरवला आणि तिच्याकडूनच तपासून घेतला. ६२१४.

अनुसया